तोरण्याचे धन आणि वेल्ह्याचा रुग्ण

सांगली-मिरज भागातील जुन्या पिढीला ‘वानलेसवाडी’ हे नाव कोठून आले, हे सांगावे लागत नाही. १८८९ साली भारतात आलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मिशनचे शल्यविशारद. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, आणि त्या इमारतीसाठी फिलाडेल्फियातील जॉन कॉन्व्हर्स या उद्योगपतीने दान दिले. मिरज कोठे आहे, हे नकाशावर दाखविता येणार नाही, अशा हजारो माणसांच्या पैशावर आपल्या देशातील मिशन रुग्णालये चालली. आजही परदेशातील एखादी मंडळी दूर देशातील रुग्णालयाच्या यंत्रासाठी निधी जमवीत असल्याचे कानी येते. या प्रथेकडे आपण कसे पाहावे?

आधी तिची रीत समजून घ्यावी. चर्चमध्ये ‘सेवाकार्यास हातभार लावा’ असे मोघम आवाहन केले जात नाही. अमुक रुग्णालयास अमुक यंत्र हवे, त्यास इतका खर्च येईल, पैकी इतका जमला, इतका उरला, असे सांगितले जाते. रविवारच्या शाळेतील मुले डब्यात नाणी टाकतात. स्त्रिया घरचे पदार्थ विकून भर घालतात. रजेवर मायदेशी आलेला डॉक्टर स्वतः उभा राहून रुग्णांच्या हकिकती सांगतो आणि पुढच्या वर्षी हिशेब देतो. मोठा देणगीदार येतो तो नंतर. आधी शेकडो लहान हात पुढे झालेले असतात. देणाऱ्याचे मन त्या रुग्णालयाशी जोडले जाते, ते यामुळे.

या सेवेची दुसरी बाजूही आहे व ती झाकण्याचे कारण नाही. जुन्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी विदर्भही त्याच राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५६ च्या अहवालात समितीने स्पष्ट शिफारस केली, की वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून होणारा वापर कायद्याने बंद व्हावा. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. खाटेवर पडलेला माणूस ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्या वेदनेच्या बदल्यात त्याची श्रद्धा मागणे ही सेवा नव्हे, व्यवहार होय. हा आक्षेप योग्यच आहे आणि तो कोणत्याही पंथाच्या सेवेस लागू आहे.

परंतु आक्षेप नोंदवून आपले कर्तव्य संपते काय? मिशनरी जेथे गेले, तेथे जागा रिकामी होती म्हणून गेले. ती रिकामी का राहिली, या प्रश्नाचे उत्तर फिलाडेल्फियात मिळणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.

पुण्याच्या नैऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची अवघी ५४ हजार. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नाव थोर आहे; पण नावाने रस्ता जवळ होत नाही. वेल्ह्याहून पुणे साठेक किलोमीटर. केळदसारख्या घाटमाथ्यावरच्या गावाला आधी वेल्हेच गाठावे लागते. भोरमध्ये हिर्डोशी खोऱ्यातील वाड्यांची गतही याहून वेगळी नाही. आषाढ-श्रावणात भातलावणीच्या चिखलात फुरसे चावले किंवा अवघडलेल्या बाईच्या कळा अडल्या, तर मोलाचा असतो तो पहिला तास. या माणसांना पुणे म्हणजे परदेशच. मग त्या परदेशातील श्रद्धावान समाजाने वेल्ह्याच्या रुग्णालयासाठी काय जमविले, असे कोणी विचारले तर?

हिंदू समाजात दातृत्व नाही, असे मुळीच नाही. शिर्डी संस्थान स्वतःची रुग्णालये चालविते. मुंबईचा सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना उपचारासाठी साहाय्य करतो. पुण्यातील दगडूशेठ हलवाई गणपतीच्या न्यासाची रुग्णवाहिका सेवा सर्वपरिचित आहे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून उभे आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, अमेरिकेतील सेवा इंटरनॅशनलने तेथील हिंदूंकडून व इतरांकडून निधी जमवून भारतात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठविले. म्हणजे चर्च जे करते, तेच आपणही सागरापलीकडून करून दाखविले. उणीव आहे ती सातत्याची. संकटात आपण धावतो; संकट ओसरले, की दिलेल्या यंत्राचे पुढे काय झाले, हे विचारण्यास फिरकत नाही.

या बाबतीत चर्चचे दानही निर्दोष नाही. गरीब देशांतील रुग्णालयांमध्ये दान आलेली यंत्रे धूळ खात पडलेली आढळतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशा देशांतील सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे बंद अवस्थेत होती. कारणे साधी असतात: सुटे भाग मिळत नाहीत, विजेचा दाब कमी-जास्त होतो, चालविणारा तंत्रज्ञ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर उपकरणांच्या दानासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. त्यांचे सार एवढेच, की घेणाऱ्यास आधी विचारा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. सोनोग्राफी यंत्र हौसेने भेट देऊन चालत नाही; गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी असल्याखेरीज ते वापरता येत नाही. नोंदणी व तज्ज्ञ यांची सोय न करता दिलेले यंत्र खोलीत कुलूपबंदच राहणार.

शिवाय, गरज प्रत्येक वेळी यंत्राचीच असते, असेही नाही. भोरहून वरंधा घाट उतरले, की महाड तालुका लागतो. तेथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाने माणसे मरताना त्यांनी पाहिली, रुग्णांच्या खाटेजवळ रात्री काढून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणता येते, हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे संशोधन छापले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लढाईत निर्णायक ठरला तो रुग्णाजवळ थांबलेला डॉक्टर.

म्हणून भोर-वेल्ह्यासाठी काही करावयाचे, तर या क्रमाने करावे. प्रथम ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून गरजांची यादी घ्यावी. शासकीय रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. देणगी त्यांच्यामार्फत, पावतीनिशी द्यावी. यंत्र दिलेच, तर देखभालीची किमान 5 वर्षांची तरतूद सोबत द्यावी. ढोबळ हिशेबाने त्यास दरवर्षी यंत्राच्या किमतीच्या ५ ते १० टक्के लागतात. डॉक्टर व परिचारिका यांना राहण्याजोगी घरे मिळतील, हेही पाहावे. माणूस टिकला तरच यंत्र चालेल. पुण्यातील एकेका गणेश मंडळाने एकेक आरोग्य उपकेंद्र पत्करावे आणि दरवर्षी उत्सवात त्याचा हिशेब फलकावर लावावा. रुग्णाची जात, पंथ वा पक्ष कोणीही विचारू नये आणि उपचाराच्या बदल्यात घोषणाही मागू नये. जो नियम मिशनऱ्यांना लावतो, तो आपल्याला लावण्याचे धैर्य आपल्यात हवे.

सरकारी रुग्णालय चालविणे हे सरकारचे काम, समाजाने त्यात का पडावे, असे काहीजण म्हणतील. सरकारला जबाबदारीतून मोकळे करावे, असे येथे कोणीच म्हणत नाही. उलट, ज्या रुग्णालयात समाजाचा पैसा गुंतलेला आहे, त्याची रिक्त पदे आणि बंद रुग्णवाहिका यांविषयी समाज अधिक अधिकाराने जाब विचारतो. तटस्थ माणसाच्या तक्रारीला वजन नसते.

तोरणा गडावर शिवरायांना धन सापडले आणि ते त्यांनी राजगडाच्या उभारणीस लावले, अशी परंपरा आहे. देवीने दिलेले धन म्हणून ते पुरून ठेवले नाही की मिरविले नाही. रयतेच्या रक्षणासाठी खर्चिले. त्याच तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे आहे. दर रविवारी पुण्यातून शेकडो तरुण तेथे गड चढावयास जातात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्यातील काहींनी एकदा उतरताना गावातील रुग्णालयात डोकावावे आणि तेथील डॉक्टरांना एवढेच विचारावे, ‘आपल्याला काय हवे आहे?’ मोहिमेची सुरुवात त्या प्रश्नातूनच होईल.