श्रद्धेला खोट्या इतिहासाचा आधार नको

एखादें वाक्य दहा जणांच्या तोंडून ऐकलें कीं तें खरें वाटूं लागतें, हा मनुष्यस्वभावच आहे. हल्लीं तर मोबाईलवरून असें वाक्य शंभर घरीं पोंचावयास क्षणहि लागत नाहीं. अशाच एका वाक्याविषयीं आम्ही येथें दोन शब्द लिहूं इच्छितों. "कॉन्स्टंटाईन बादशहानें इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें सभा भरवून, कोणतीं शुभवर्तमानें ठेवावयाचीं व कोणतीं टाकावयाचीं हें ठरविलें," असें आमचे कांहीं विद्यार्थी मोठ्या विश्वासानें सांगतात.

यांत खरें किती, तें पाहूं. नायसिया म्हणजे तुर्कस्तानांतील आजचें इझनिक. तेथील सभा बादशहानेंच बोलाविली होती. पुत्र हा पित्यानें निर्माण केलेला आहे, असें अलेक्झांड्रियाचा धर्मगुरु एरियस शिकवीत असे व त्यावरून मंडळींत फूट पडली होती. सभेनें त्याचें मत नाकारून, पुत्र व पिता यांचें तत्त्व एकच आहे असा मतांगीकार केला; पुनरुत्थानाचा सण सर्वांनीं एकाच दिवशीं पाळावा असें ठरविलें; आणि मंडळीच्या व्यवस्थेसाठीं २० नियम केले. मतांगीकार व नियम आज उपलब्ध आहेत. शुभवर्तमानांच्या निवडीविषयीं त्यांत एक अक्षरहि नाहीं.

उलट, सभेच्या सुमारें दीड शतक आधींच लिओंचा बिशप इरेनियस यानें मत्तय, मार्क, लूक व योहान या चारच शुभवर्तमानांचा पुरस्कार केला होता. नव्या करारांतील २७ पुस्तकांची आजच्याशीं जुळणारी यादी आढळते ती अथानेसियसच्या इ. स. ३६७ मधील पत्रांत. त्या वेळीं बादशहास मरून ३० वर्षें झालीं होतीं. ही निवड एका दिवसांत कोणीं हुकुमानें केली नाहीं. ती मंडळ्यांच्या वाचनांतून हळूहळू झाली, व कांहीं पुस्तकांविषयीं मतभेदहि पुष्कळ काळ राहिले.

येथवर वाचून आमच्या ख्रिस्ती वाचकांस समाधान वाटलें असेल. परंतु त्यांनाहि आमचें एक सांगणें आहे. याच बादशहानें रोम व पश्चिमेकडील प्रांत पोपच्या स्वाधीन केले, असें एक दानपत्र मध्ययुगांत कित्येक शतकें खरें मानलें जात होतें. इ. स. १४४० मध्यें लोरेन्झो व्हाला या इटालियन पंडितानें त्याची भाषा तपासून, तें लॅटिन कॉन्स्टंटाईनच्या काळचें असूंच शकत नाहीं हें दाखवून दिलें. लेख बनावट ठरला. व्हाला स्वतः ख्रिस्ती होता आणि पुढें त्यास पोपच्याच दरबारीं चाकरी मिळाली. त्या शोधानें श्रद्धा बुडाली नाहीं. एक किडलेला खांब तेवढा निघाला.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, श्रद्धा निराळी व इतिहासाचा पुरावा निराळा. नायसियांत पुस्तकें निवडलीं गेलीं नाहींत, एवढ्यानें त्यांतील शिकवण खरी ठरत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. पण सभेंत काय घडलें, हें हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, सर्वांना सारखेंच तपासतां येतें. आमच्या वर्गांत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एकाच बांकावर बसतात. दुसऱ्याच्या धर्माविषयीं ऐकीव गोष्ट पुढें धाडणें म्हणजे त्या बांकावरील शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणेंच होय. आणि आपल्या धर्माच्या गौरवासाठीं खोटें पसरविणें, हाहि कमी अपराध नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं अशी गोष्ट हातीं येतांच विचारावें: हें कोणीं लिहिलें? केव्हां लिहिलें? घटनेच्या किती जवळ तो होता? उत्तर न मिळाल्यास ती गोष्ट आपल्यापाशींच थांबवावी. पालकांनींहि मुलांवर न रागावतां त्यांच्याबरोबर बसून शोध घ्यावा. सत्य शोधण्यास भिणारी श्रद्धा दुबळी, असें आम्ही समजतों.