टेबलाची दुसरी बाजू

लक्ष्मीपूजनाला मुंबईचा व्यापारी नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. पण हिशेबाचा वाद निघाला, की त्याला लक्ष्मीहून माझगावचीच आठवण अधिक होते! तिथले पूर्वीचे विक्रीकर भवन म्हणजे आजचे जीएसटी भवन. १ जुलै २०१७ ला कराचे नाव बदलले, टेबल राहिले. एका बाजूला तपासणारा अधिकारी, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचा सल्लागार.

आता कालचा अधिकारी उठून समोरच्या खुर्चीत बसला तर?

यात मुळातच पाप आहे, असे कुणी समजू नये. आयुष्यभर मिळवलेले ज्ञान निवृत्तीनंतर ट्रंकेत का बंद करावे? छोट्या दुकानदाराला तर असा जाणता माणूस हवाच असतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ११६ नेही ही वाट मोकळी ठेवली आहे. गट ब राजपत्रित किंवा त्यावरच्या पदावर निदान दोन वर्षे काम केलेला निवृत्त अधिकारी व्यापाऱ्याचा प्रतिनिधी होऊ शकतो. मात्र निवृत्ती वा राजीनाम्यानंतर एक वर्ष त्याने या कायद्याखालील कामकाजात उभे राहायचे नाही.

नियम चांगला, पण तो कॅलेंडर पाहतो, आणि मोह काही कॅलेंडर पाहून येत नाही. आज जिची फाईल समोर आहे, ती पेढी उद्या आपली अशील होईल, हा विचार शिवला की लेखणी मऊ होते. लाच नाही, पाकीट नाही, पकडावे असे काहीच नाही! शिवाय बंदी आहे ती पुढे उभे राहण्याला. मागे बसून उत्तर लिहून देणारा तीत सापडत नाही.

आपल्या घटनाकारांना ही नस ठाऊक होती. महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्राचे वा राज्याचे कोणतेही पद घेता येत नाही, असे अनुच्छेद १४८ सांगतो. उद्याच्या खुर्चीची आशा नसली, की आजचा शेरा निर्भयपणे लिहिता येतो.

अमेरिकेचा संघीय कायदा तर फाईलच धरतो. ज्या प्रकरणात अधिकाऱ्याने स्वतः महत्त्वाचा भाग घेतला, त्यात सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडायला त्याला कायमची मनाई. नोकरीची बोलणी चालू असतील, तर त्या मालकाच्या प्रकरणालाही हात लावायचा नाही.

आपणही एवढे करावे. एक वर्षाची अट असू द्या. पण जिच्यावर आपली सही, ती फाईल जन्मभर परकी, पुढून आणि मागूनही. बोलणी सुरू होताच वरिष्ठांना लेखी कळवून फाईल दुसऱ्याकडे द्यावी. प्रामाणिक अधिकाऱ्याला याचा जाच नाही; उलट संशयाच्या डागापासून त्याचे रक्षणच आहे.

हे व्यापाऱ्यांचे भांडण, आपल्याला काय त्याचे, असे मात्र म्हणू नका. यंदाच्या दिवाळीच्या खरेदीच्या पावत्या काढून पाहा. कराचा आकडा खाली छापलेला असतो, आणि तो भरलेला असतो तुम्ही-आम्ही. ते पैसे सरकारच्या तिजोरीत पोहोचले की नाही, एवढेच तर त्या टेबलावर पाहायचे असते.