केटी मिळते, वर्ष मात्र जातंच

निकाल लागला की बेळगावातली मुलं म्हणतात, ‘एक बॅक राहिला’. तवंदी घाट ओलांडून कोल्हापूरकडे गेलं की तेच दुखणं ‘केटी लागली’ होतं. नाव काहीही द्या, त्यानंतर घरात होणारी चर्चा सगळीकडे सारखीच असते. पुढच्या वर्गात बसवतील का? फी पुन्हा भरावी लागेल का? आणि शेवटचा, जरा हळू आवाजातला प्रश्न: वर्ष जाणार का?

एटीकेटी म्हणजे ‘अलाऊड टू कीप टर्म्स’. एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसा, राहिलेला पेपर नंतर काढा. सोय चांगलीच आहे. पण तिच्यावरची भांडणं नेहमी एकाच मुद्द्यावर होतात: किती विषय राहिले तरी चालतील? विद्यार्थी संघटना आकडा वाढवून मागतात, मोर्चा निघतो, विद्यापीठ कधी नमतं, कधी नमत नाही. या सगळ्यात तारखेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. आमच्या मते मुलाचं नुकसान ठरतं ते तारखेवर. राहिलेला पेपर पुन्हा कधी देता येईल आणि त्याचा निकाल कधी हातात पडेल, याचं उत्तर नसेल तर आकडा दोनाचा चार केला तरी फार फरक पडत नाही.

हिशेब करून बघा. पहिल्या वर्षाच्या मुलाचा दुसऱ्या सत्रातला एक पेपर राहिला. तो दुसऱ्या वर्षात बसतो, पेपर मागाहून काढतो, त्याचा एक दिवसही वाया जात नाही. आता तोच एक पेपर शेवटच्या, सहाव्या सत्रात राहिला असं धरा. पुढे वर्गच नाही, मग टर्म कुठली ‘कीप’ करणार? जिथे सम सत्राचा पेपर पुढच्या सम सत्रालाच देता येतो, तिथे हा मुलगा एका पेपरसाठी बारा महिने घरी बसतो. एमए, बीएड, एमबीए, बँकेचा फॉर्म, सगळं थांबतं. चूक तेवढीच, पण एकाला ती फुकट आणि दुसऱ्याला वर्षभराची. एटीकेटीचा नियम शेवटच्या वर्षाच्या मुलाला जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि नेमकी त्यालाच घाई असते.

हे सुटण्यासारखं नाही असं म्हणावं तर कर्नाटकाच्याच शाळा परीक्षा मंडळाने ते सोडवून दाखवलं आहे. २०२४ मध्ये दहावीला आणि पीयूसी दुसऱ्या वर्षाला परीक्षा १, २ आणि ३ अशा तीन संधी एकाच वर्षात मिळू लागल्या. तिन्हींतले चांगले मार्क धरले गेले. पास झालेल्यालाही मार्क वाढवायला पुन्हा बसता येतं, त्यामुळे ‘पुरवणी’ या शब्दाला चिकटलेला कलंकही थोडा पुसला गेला. शिक्षकांवर ताण पडतो, पेपर तपासणीला माणसं कमी पडतात, या तक्रारी खोट्या नाहीत. तरी मार्चमध्ये अडखळलेलं मूल त्याच वर्षी कॉलेजात जाऊ शकतं. महाराष्ट्रानेही दहावीची ऑक्टोबरची फेरपरीक्षा २०१५ मध्ये जुलैवर आणली, ती याच विचाराने. शाळेच्या मंडळांना जे कळलं ते विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना उमगायला इतका वेळ का लागावा?

खरं तर काही ठिकाणी उमगलेलंही आहे. स्वायत्त कॉलेजांत मेक-अप परीक्षा असते, उन्हाळी सत्र असतं, निकाल लागून काही आठवड्यांतच दुसरी संधी मिळते. परीक्षा आपली, तपासणी आपली, मुलं मोजकी, म्हणून त्यांना ते जमतं. संलग्न कॉलेजातल्या मुलाला मात्र अख्ख्या विद्यापीठाच्या वेळापत्रकाची वाट बघावी लागते. दोघांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच असतं. ज्या घरात फीचा विचार करून कॉलेज निवडलं जातं, तिथलं मूल बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात असतं, हेही सांगायला हवं.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. मार्क्स कार्ड एका राज्याचं आणि पुढचा प्रवेश दुसऱ्या राज्यात. निपाणी, खानापूर, बेळगावची किती मुलं पदवीनंतर कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा गोवा गाठतात! महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या सीईटी प्रवेशात सीमाभागाची वेगळी वर्गवारी आहे, त्यासाठी आपण वर्षानुवर्षं भांडलो. पण ती वर्गवारी वापरायला हातात निकाल लागतो. भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांच्यात महामार्गाने दोन-अडीच तासांचं अंतर, पण दोघांची वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत. इकडचा फेरपरीक्षेचा निकाल तिकडची प्रवेशाची शेवटची तारीख बघून लागत नाही.

निकालाला उशीर झाला की काय होतं ते मुंबईने २०१७ मध्ये पाहिलं. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं, तयारी अपुरी होती, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्यात पास झालेली मुलंही अडकली. नापासाचं तर विचारूच नका, त्याला पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा की फेरतपासणीची वाट बघायची हेच कळत नव्हतं. ही पंचाईत दर सत्राला थोड्या प्रमाणात सगळीकडेच होते. फेरतपासणीचा निकाल येण्याआधी पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपते. मग घरचे म्हणतात, ‘दोन्हीकडे भर.’ म्हणजे फी दोनदा.

‘नापास’ हा शब्दही एका अर्थाचा नाही. माच्छेच्या व्हीटीयूचं उदाहरण घ्या. तिथे २०२२ च्या स्कीममध्ये अंतर्गत मूल्यमापनाचे ५० आणि सत्र परीक्षेचे ५० मार्क धरतात. अंतर्गतला किमान २० लागतात, परीक्षेत १८, आणि बेरीज ४० हवी. परीक्षेत पडलात तर पेपर पुन्हा देता येतो. पण अंतर्गतला २० झाले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नाही, तो विषय पुन्हा नोंदवून शिकावा लागतो. हजेरी कमी पडली तरी तीच गत. म्हणजे दुसरी संधी सगळ्यांना सारखी नाही. परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्याला ती आहे. पण सत्रभर पहाटे दूध घालून, एसटी चुकवत कॉलेज गाठणाऱ्याला ती मिळेलच असं नाही. अंतर्गत मार्क कॉलेजच्याच हातात असतात, आणि त्यावर दाद मागायची वाट फार थोड्या मुलांना ठाऊक असते.

त्यात स्कीम बदलते ती वेगळीच डोकेदुखी. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा अभ्यासक्रम आणला आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर आलं. महाराष्ट्र त्याच सुमाराला चार वर्षांच्या रचनेकडे निघालं होतं. धोरण कुणाचं बरोबर हा वाद बाजूला ठेवू. मधल्या तीन बॅचमधल्या ज्याचा पेपर राहिला, त्याचा अभ्यासक्रम आता खालच्या वर्गात कुणी शिकवत नाही. पुस्तक जुनं, सर नव्या पुस्तकात. आणि घड्याळ चालूच असतं. यूजीसीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदवीची ठरलेली मुदत अधिक दोन वर्षं इतकाच काळ मिळतो, अपवाद म्हणून आणखी एक.

खर्च वाढेल, असं विद्यापीठं सांगतील. वाढेलच. पण फक्त शेवटच्या वर्षाच्या, एक-दोन पेपर राहिलेल्या मुलांसाठी निकालानंतर सहा आठवड्यांत परीक्षा घ्यायची म्हटली तर सगळ्या सत्रांच्या सगळ्या परीक्षांइतका डोंगर उचलावा लागत नाही. ही मागणी सिंडिकेटपुढे, व्यवस्थापन परिषदेपुढे लेखी जायला हवी, आणि मराठी-कन्नड दोन्ही मुलांच्या सह्यांनी. बॅक भाषा बघून राहत नाही.

तोवर मुलांनी एवढं करावं. आपल्या प्रवेशाच्या वर्षाचे नियम छापील मागून घ्यावेत. सीनियर सांगतो तो नियम त्याच्या बॅचचा असतो. मार्क पटत नसतील तर उत्तरपत्रिका बघायला मागावी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली हा हक्क मान्य केला आहे. फक्त त्या कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे आणि फेरतपासणीची खिडकी अनेकदा त्याआधीच बंद होते. म्हणून विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या सोयीसाठी निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाकावा आणि पोच घ्यावी. खानापूरच्या आतल्या गावातल्या मुलीसाठी हे जास्तच गरजेचं. मुलगा वर्षभर उद्यमबागेत कामाला लागतो आणि मग परत येतोही. मुलगी वर्षभर घरी राहिली की स्थळं बघायला सुरुवात होते, आणि राहिलेला तो एक पेपर मग कायमचा राहतो.