विश्लेषण : ‘पहिल्या धारेची’ दारू खरेच शुद्ध असते का?

महाड आणि पोलादपूरच्या डोंगरात ओढ्याकाठच्या हातभट्टीवर छापा पडला की बातमी ठरलेली असते : इतके लिटर रसायन नष्ट, पिंपे फोडली, गुन्हा दाखल. काही दिवसांनी भट्टी दुसऱ्या ओढ्यावर लागते आणि गिऱ्हाइकाला ‘पहिल्या धारेची आहे, बिनघोर घ्या’ असे सांगितले जाते. या आश्वासनात तथ्य किती आणि धोका किती, हे समजून घेणे गरजेचे आहे. कारण दारूकांडांत जीव जातात ते बहुतेकदा अशाच विश्वासापोटी.

‘पहिली धार’ म्हणजे काय?

गूळ किंवा मोहफुले पाण्यात आंबवून तयार झालेल्या द्रवाला भट्टीवाले आणि पोलीस दोघेही ‘रसायन’ म्हणतात. ते तापवून त्याची वाफ थंड केली की दारूची धार लागते. वाफ थंड करायला सतत पाणी लागते, म्हणून भट्ट्या ओढ्यालगत दिसतात. इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतील अल्कोहोल, ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, तर पाणी १०० अंशांना. त्यामुळे सुरुवातीच्या धारेत अल्कोहोल जास्त असते आणि पुढे ते कमी होत जाते. पहिल्या धारेचा लौकिक आला तो यातून. ती कडक असते, आणि कडक म्हणजे पाणी न घातलेली, भेसळ नसलेली, असा अर्थ गिऱ्हाईक लावते. पण कडक असणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अधिकृत कारखान्यात हीच धार कशी हाताळतात?

व्हिस्कीच्या कारखान्यात धारेचे तीन भाग केले जातात. सुरुवातीचा भाग ‘हेड्स’, मधला ‘हार्ट्स’ आणि शेवटचा ‘टेल्स’. हेड्समध्ये अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट यांसारखी चटकन उडणारी द्रव्ये जास्त असतात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा उग्र वास येतो तो त्यांचाच. टेल्समध्ये जड अल्कोहोल येतात आणि चव कोंदट होते. पिण्यासाठी घेतला जातो तो फक्त मधला भाग. स्कॉटलंडमध्ये ही धार कुलूपबंद काचेच्या पेटीतून वाहते. कारागीर बाहेरून घनता आणि तापमान पाहून धार कधी वळवायची ते ठरवतो. ते कुलूप मुळात अबकारी कराच्या हिशेबासाठी आले.

म्हणजे आपल्याकडे जी धार सर्वोत्तम म्हणून विकली जाते, तिचा अगदी सुरुवातीचा भाग जाणकार कारागीर बाजूला काढतो. गोव्यातील हुर्राकशी याची गल्लत करू नये. हुर्राक ही काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाची सौम्य दारू असते. फेणीसाठी पुन्हा ऊर्ध्वपातन करावे लागते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मग पहिली धार फेकून दिली की धोका टळतो का?

नाही. हा दुसरा गैरसमज पहिल्याहून घातक आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून ते सगळे आधीच निघून जाते, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात पाणी, इथेनॉल आणि मिथेनॉल एकत्र असताना ते असे एकामागोमाग रांगेत बाहेर पडत नाहीत. मिथेनॉलचा अंश धारेत शेवटपर्यंत येत राहतो. साध्या भट्टीवर तो पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गूळ किंवा धान्य आंबवताना मिथेनॉल फारच थोडे तयार होते. फळांतील पेक्टिनमुळे ते काहीसे वाढते. मोठी दारूकांडे घडतात ती प्रामुख्याने बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. ते भट्टीतून गेलेलेच नसते, मग कोणती धार फेकणार?

आजवरच्या दुर्घटना काय सांगतात?

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तपासात मिथेनॉलचा धागा गुजरातपर्यंत गेला. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने १४ पैकी चौघांना दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा दिली, बाकीचे सुटले. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात ४० हून अधिक जण दगावले. तेथे कारखान्यासाठीचे मिथेनॉल चोरून त्यात पाणी घालून विकल्याचे पोलिसांनी सांगितले. तेथे हातभट्टीचा संबंधच नव्हता, तरी पिणाऱ्यांच्या लेखी ती गावठी दारूच होती.

मिथेनॉल शरीरात काय करते?

यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर आघात करते. फसवी बाब म्हणजे नशा नेहमीसारखीच चढते आणि लक्षणे साधारण १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत साधी दारू प्यायली असेल तर आणखी उशिरा. पोटदुखी, उलट्या, धाप आणि धुक्यातून पाहिल्यासारखी नजर, यांना ‘उतरली नाही अजून’ म्हणून झोपवून ठेवणे जिवावर बेतते. वास, चव किंवा निळ्या ज्योतीची चाचणी यांतून मिथेनॉल ओळखता येत नाही.

यावर उपचार आहेत : फोमेपिझोल हे औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले इथेनॉल आणि गरजेनुसार डायलिसिस. पण ते वेळेत मिळायला हवेत. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून, पावसाळ्यात घाटरस्ते बंद असताना, एकेक तास मोलाचा असतो. म्हणून संशय येताच १०८ ला फोन करावा आणि कोणती दारू, किती वाजता प्यायली हे न लपवता सांगावे. उतारा म्हणून घरी आणखी दारू पाजू नये. सोबत प्यायलेल्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, तपासणीसाठी न्यावे.

कायद्याने आजवर काय साधले?

रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारूवर बंधने आली आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरही निर्बंध घातले. हेतू आरोग्यापेक्षा महसुलाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि विनापरवाना दारू गाळणे आजही गुन्हा आहे. तरीही सव्वाशेहून अधिक वर्षांत भट्टी संपली नाही, फक्त लपली. लपलेल्या भट्टीवर ना तपासणी, ना मोजमाप. तिथे स्वस्त मिथेनॉल ओतणाऱ्याला रान मोकळे मिळते.

मग काय करायला हवे?

छापे हवेतच, पण पिंपे फोडून कारवाई संपली असे मानू नये. जप्त दारूचा नमुना तपासून त्यात मिथेनॉल आहे का, हे गावाला तातडीने कळले पाहिजे. मिथेनॉलची साठवण आणि वाहतूक यांचा लिटरनिशी हिशेब घ्यायला हवा. महाडसारख्या रासायनिक उद्योगांच्या आणि महामार्गावरील तालुक्यात तर ही जबाबदारी अधिकच मोठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने ८ विरुद्ध १ मतांनी औद्योगिक अल्कोहोलच्या नियमनाचा राज्यांचा अधिकार मान्य केला आहे. त्यामुळे अधिकार कोणाचा, ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही. आणि तालुक्याच्या रुग्णालयात मिथेनॉल विषबाधेच्या प्राथमिक उपचारांची तयारी व डायलिसिससाठी रुग्ण हलवण्याची व्यवस्था दुर्घटनेआधीच असायला हवी.

धार पहिली की मधली, हा प्रश्न दारूच्या चवीचा आणि दर्जाचा आहे. जीव जातो तो बाटलीत नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, आणि ते भट्टीवाल्याच्या शब्दावरून कळत नाही.