साक्षीदार कुठाय?

जानेवारी २०१८. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक. हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. खुनाच्या किती तपासांत डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार असतो हो?

माझं पोट डीबगिंगवर चालतं. रात्री तीनला सर्व्हर कोसळतो तेव्हा तिथे कुणीच नसतं. सकाळी आम्ही लॉग उघडतो. 'कोसळताना पाहिलंस का?' असं मॅनेजरसुद्धा विचारत नाही. (बाकी काहीही विचारतो.)

पृथ्वीचे लॉग खडकात आहेत, आणि त्यातली एक भारी फाइल आपल्याच अंगणात सापडली: देवमाशाची. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकाने जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटहून आणलेले खडक त्यांच्या मृत्यूनंतरही घरी पडून होते. पत्नीने ते हान्स थेविसेन या संशोधकाकडे सोपवले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं. त्याची आतली कड जाड, जी तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. प्राणी मात्र पिसोरी हरणासारखा, मांजराएवढा, चार खुरांच्या पायांवर चालणारा. इंडोहायस, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. देवमाशाचा थेट पणजोबा नव्हे, चुलत घराण्यातला.

डीएनएने त्याआधीच देवमाशाचा जवळचा नातलग म्हणून पाणघोड्याकडे बोट दाखवलं होतं. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या पाकिसीटस या पायवाल्या देवमाशाच्या घोट्याचं हाड अभ्यासलं गेलं. ते निघालं गाई-हरणांसारखं. दोन वेगळ्या सर्व्हरचे लॉग एकच गोष्ट सांगतायत. आता कुठल्या साक्षीदाराची वाट बघायची?

आणि आपण काय केलं? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. २०२३ मध्ये अठराशेहून जास्त वैज्ञानिक, शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्तर ठरलेलं: मुलांवरचं ओझं कमी केलं, बारावीच्या जीवशास्त्रात आहेच. म्हणजे अकरावीत कॉमर्स, आर्ट्‌स किंवा माझ्यासारखं बायो सोडून इंजिनिअरिंगची वाट धरणाऱ्याने उत्क्रांती कुठे शिकायची? व्हॉट्सॲपवर?

कच्छमध्ये सापडलेल्या एका आदिम देवमाशाचं नाव कच्छिसीटस आहे. २००० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. भुजच्या सीबीएसई शाळेतली दहावीची मुलगी आज हे पुस्तक उघडेल, तर तिच्या जिल्ह्याचं नाव लावणारा तो प्राणी मुळात कशाचा पुरावा आहे, हेच तिला त्यात सापडणार नाही.