डाग दिसला, पुढे काय?

क्ष-किरण चित्रात फुफ्फुसावर डाग दिसला की घरात दोन मते पडतात. एक म्हणते, ‘क्षयच असेल, औषध सुरू करा.’ दुसरे म्हणते, ‘तुकडा काढू नका, गाठ पसरेल.’ या वादात महिने निघून जातात; आणि डाग कर्करोगाचा असेल, तर ते महिने परत मिळत नाहीत.

क्षय, बुरशीचा संसर्ग, सार्कॉइडोसिस आणि कर्करोग यांच्या सावल्या पुष्कळदा सारख्याच दिसतात. सीटी स्कॅन डागाची जागा व आकार सांगतो, त्याचे मूळ खात्रीने सांगत नाही. व्हाउचर नसलेली नोंद जशी पक्की मानत नाहीत, तसे केवळ अंदाजाला निदान मानू नये. लहानशा डागावर काही काळ केवळ लक्ष ठेवणेही योग्य ठरते. म्हणून जुनी चित्रे तुलनेसाठी सोबत न्यावीत. मात्र शंका बळकट असून थुंकीच्या तपासणीतून उलगडा होत नसेल, तर ब्रॉन्कोस्कोपी टाळू नये.

१८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा नळीच्या साहाय्याने काढला. तेथून या विद्येचा प्रारंभ झाला. पुढे जपानच्या शिगेतो इकेडा यांनी लवचीक दुर्बीण विकसित केली. आज घसा बधिर करून व गुंगीचे औषध देऊन ती नाकातून किंवा तोंडातून आत नेतात. सलाइन सोडून परत ओढून घेतात आणि बारीक चिमट्याने नमुना काढतात. डाग कडेला असेल, तर सीटीच्या साहाय्याने छातीतून सुई घालून नमुना घेतात.

थोडा रक्तस्राव किंवा फुफ्फुसाभोवती हवा साचणे हे धोके आहेत. सुईमुळे गाठ पसरणे मात्र अत्यंत विरळ. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगावे, ती स्वतःहून बंद करू नये.

एक गोष्ट आवर्जून विचारावी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्या नमुन्याचे कल्चर होत नाही. क्षयाची शंका असल्यास काही भाग सलाइनमध्ये वेगळा पाठविला जाणार आहे ना, याची खात्री करावी.

‘काही आढळले नाही’ असा अहवाल आला, तरी प्रकरण मिटले असे समजू नये. नमुना नेमक्या जागेचा नसेल, तर रोग निसटू शकतो. अशा वेळी पुन्हा तपासणी सुचविणाऱ्या डॉक्टरांवर रुष्ट न होता त्यामागचे कारण समजून घ्यावे.