ओव्हन तापत नाही आणि मजुरी मात्र कापली जाते

मैत्रिणींनो, आज थोडं परखड लिहिणार आहे. ओव्हनमधून माल कच्चा निघाला की आपल्याकडे दोनच निष्कर्ष निघतात. एक तर "बाईचं लक्ष नव्हतं", नाही तर "ओव्हन गेला, नवा घ्या". माझ्या मते या दोन्ही वाक्यांच्या आधी अर्धा तास शांतपणे तपासायला हवं, आणि तेवढं होईपर्यंत कुणाच्या मजुरीला हात लावू नये.

हे लिहायचं कारण असं. ओळखीतल्या एका गृहउद्योगात दिवाळीच्या ऐन गर्दीत नानकटाईचे घाणे एकामागून एक बिघडले. खालून पांढरी, आतून ओलसर. ओव्हनवर उभी राहणारी बाई गेली कित्येक वर्षं तेच काम करते, पण नुकसान तिच्या पगारातून वळतं केलं गेलं. चार दिवसांनी वायरमन आला तेव्हा कळलं, थ्री फेजपैकी एक फेज येतच नव्हता. बाईंना पैसे परत मिळाले नाहीत. हिशेब लिहिणारीला मी म्हटलं, अगं, यंत्राचा दुरुस्तीखर्च माणसाच्या खात्यावर कसा टाकलास? बी.कॉम. करताना आम्हाला हे शिकवलं नव्हतं.

ही फेजची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती फसवी असते. मोठ्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये बऱ्याचदा कॉइल तीन फेजवर वाटलेल्या असतात. डीपीवरचा एक फ्यूज उडाला तर साधारण एक तृतीयांश कॉइल थंड पडतात. पण ओव्हनचा दिवा दुसऱ्या फेजवर असेल तर तो लागतो, आतला पंखाही फिरतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. ओव्हन गरमही होतो, फक्त पुरेसा होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : मेन बोर्डावरचे तिन्ही दिवे लागलेत का? एमसीबी अर्धवट पडलेला नाही ना? एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही.

दुसरा चोर म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी सगळीकडे लोड वाढला की आमच्या भागात ते उतरतं. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर वाटतं, तेराच टक्के तर कमी आहे. पण कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोनशेला दोनशे तीसने भागून त्याचा वर्ग करा, ०.७५ च्या आसपास येतो. म्हणजे २००० वॅटची कॉइल जेमतेम १५०० वॅटचं काम करते. सकाळी पंचवीस मिनिटांत भाजली जाणारी खारी संध्याकाळी का रेंगाळते, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं. त्यात बाईचा हात हळू झालेला नसतो.

आता काटा. थर्मोस्टॅटच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे, असं धरून चालू नका. आत ठेवायचा साधा डायलचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो मधल्या ट्रेवर ठेवा आणि ओव्हनला तीन-चार वेळा चालू-बंद होऊ द्या. दर वेळचा आकडा लिहून सरासरी काढा. एकाच आकड्यावर विश्वास नको, कारण थर्मोस्टॅटचा ओव्हन ठरवलेल्या तापमानाच्या वर-खाली हलतच असतो. सरासरी नेहमीच वीसने कमी येत असेल तर तो फार मोठा बिघाड नव्हे. काटा २०० वर ठेवा, दाराजवळ चिठ्ठी लावा, सवडीने मेकॅनिककडून जुळवून घ्या. पण आज वीसने कमी, उद्या पन्नासने कमी असं होत असेल तर थर्मोस्टॅट बघायलाच हवा. कित्येक ओव्हनमध्ये त्याची पातळ तांब्याची नळी आणि टोकाचा बल्ब आतल्या भिंतीला क्लिपने धरलेला असतो. ट्रे आत ढकलताना तो धक्क्याने निसटतो आणि भलत्याच जागेचं तापमान मोजत बसतो.

सकाळी ओव्हन थंड असताना आत डोकावण्याची सवय आमच्या घरात यत्नाचारातून आली. चुऱ्यावर मुंग्या, झुरळं जमतात, न बघता पेटवायचं नाही हा सासूबाईंचा दंडक. पण त्याच नजरेत निसटलेला बल्ब दिसतो, फुगलेली किंवा तडकलेली कॉइल दिसते, दाराचं रबर कडक होऊन फाटलेलं दिसतं. दार बंद करून एका कागदाची पट्टी त्यात अडकवून ओढा. ती सहज निघाली तर तिथून उष्णता बाहेर जातेय. बिजागरं सैल झाली तरी हेच होतं.

कॉइल खरोखर गेली की नाही, हे वायरमनने मेन बंद करून मीटर लावून सांगावं. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटली आहे. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे, कारण "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला "कॉइल मोजलीत का?" एवढं विचारलं तरी बिलाचा सूर बदलतो. पॅनल मात्र आपण उघडायचं नाही.

गॅसचा ओव्हन असेल तर आधी ज्योत बघा. निळी हवी. पिवळी असेल, भांड्यांना काजळी येत असेल तर बर्नरची भोकं नाही तर हवेची वाट बुजलेली असते. बटण सोडताच ज्योत विझत असेल तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत नीट बसलंय का, हे मेकॅनिकला पाहायला सांगा. थंडीत १९ किलोचा एकच सिलिंडर सतत ओढला की तो बाहेरून दव धरतो आणि गॅस मंद येतो. त्यावर गरम पाणी ओतणाऱ्या मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं करू नका, वितरकाकडून दोन सिलिंडर जोडून घ्या. वास आला तर स्विचला हात न लावता गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

हे सगळं लिहायला एक वही ओव्हनपाशी टांगा : तारीख, वेळ, व्होल्टेज, आतलं तापमान, कोणता माल, किती मिनिटं. आणि ती वही ओव्हनवर उभी राहणारीनेच लिहावी, मालकिणीने नव्हे. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार, असं नसतं. हवा तापते पण खालचा जाड पत्रा किंवा दगड मागे राहतो, हे तिला आपल्यापेक्षा आधी कळतं. तिने अर्धा तास थांबायचं म्हटलं तर ऑर्डरची घाई तिच्यावर ढकलू नका.

जुना ओव्हन घेणाऱ्या बचत गटांनी तर दुकानातच तासभर चालवून, थर्मामीटर आत ठेवून, भरल्या ट्रेसह बघावा. रिकामा ओव्हन कुठलाही तापतो. विक्रेता वेळ नाही म्हणाला, तर आपल्यालाही पैसे द्यायला वेळ नाही म्हणून सांगा.